दिसतं तेवढं सांगा

"उजवा डोळा झाका, काकू. तळहातानं नको, डोळा दाबला जातो. हे धरा." तपासणीच्या बाईंनी तिच्या हातात काळं, पळीसारखं झाकण दिलं. "आता समोरच्या तक्त्यावर वरपासून वाचत या. दिसतं तेवढं सांगा."

खोली लांबट आणि अंधारी होती. पलीकडच्या भिंतीवर आतून उजेड असलेला तक्ता होता. सगळ्यात वर एकच अक्षर, तव्याएवढं. खाली ओळीओळीनं अक्षरं बारीक होत गेलेली.

"प," ती म्हणाली.

"छान. खालची ओळ?"

खालची ओळ तिला दिसत होती. तिच्या खालचीही. अगदी तळाची, मुंग्यांच्या रांगेसारखी ओळसुद्धा स्वच्छ दिसत होती; तिथला 'ल' किंचित तिरका छापलाय, हेसुद्धा. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

"नाही दिसत."

"थोडा प्रयत्न करा."

"पुसट आहे सगळं."

मागे दाराजवळच्या खुर्चीत बांगड्या किणकिणल्या. विहीणबाई बसल्या होत्या तिथे. 'अंधारात त्यांना आधार लागतो हो,' असं सांगून त्या आत आल्या होत्या.

राहत्या गल्लीत तिला सगळे रफूकाकू म्हणत. नवरा गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून ती लोकांचे जळलेले, कुरतडलेले कपडे विणून द्यायची. जवळच्या कामाला चष्मा लागायचा, पण लांबचं मात्र असं दिसायचं की शेजारपाजारचे थट्टा करत, "काकू, डोळे आहेत की दुर्बीण?" कुणाचा मुलगा शाळा बुडवून कोपऱ्यावर उभा आहे, कुणाचा पाहुणा चुकीच्या इमारतीत शिरतोय, हे तिला खिडकीतून कळायचं आणि ती खुशाल हाका मारून सांगायची.

त्या दुपारी तिनं असंच सांगून टाकलं. एका पांढऱ्या गाडीनं कोपऱ्यावर सायकलस्वाराला उडवलं आणि गाडी न थांबता निघून गेली. सायकलवर जवळच्या शाळेतला शिपाई होता. पोलीस आले तेव्हा तिनं खिडकीतूनच गाडीचा नंबर ओरडून सांगितला. दुसरं कुणी बघितलंच नव्हतं. शिपाई आठवडाभर इस्पितळात झुंजला आणि गेला. आणि गाडी निघाली तिच्या लेकीच्या दिराची. नवीकोरी. तिनं ती कधी पाहिलीच नव्हती.

कोर्टात दिराच्या वकिलानं हात नाचवत विचारलं होतं, "सुईत दोरा ओवायला चष्मा लावणारी ही बाई, तिसऱ्या मजल्यावरून धावत्या गाडीचा नंबर वाचते?" म्हणून ही सरकारी दवाखान्यातली तपासणी.

सकाळी बाहेरच्या बाकावर विहीणबाई तिच्या अगदी शेजारी बसल्या होत्या. आवाज नेहमीसारखाच गोड.

"मी काही खोटं बोला म्हणत नाहीये हं, विहीणबाई. वय झालं की होतंच असं. जरा काणाडोळा केला तर बिघडतं कुठं?"

तिनं हातातल्या केसपेपरची घडी घातली.

"तुमच्या लेकीला आमच्याकडे कधी काही कमी पडलंय?"

"नाही."

"मग झालं तर. दिवस भरत आलेत तिचे. अशा वेळी घरात ताण नको. आणि खरं सांगू? तुमचं तर कामच ते. फाटलेलं दिसू द्यायचं नाही."

रफू करायच्या आधी भोक नीट बघावं लागतं, असं तिच्या मनात आलं. आदल्या संध्याकाळचा फोन अजून कानात होता. "आई, सासूबाई उद्या तुझ्याबरोबर येणारेत," लेक म्हणाली होती. "तुला काय वाटतं गं?" तिनं विचारलं. पलीकडे बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज. मग लेक म्हणाली, "तू जेवलीस का?"

"काकू, खुर्ची जरा पुढे घेऊया," तपासणीच्या बाई म्हणाल्या. चाळिशीच्या असतील, केस बांधायला वेळ न मिळाल्यासारखे मागे अडकवलेले. त्यांनी तक्त्यापासूनचं अंतर निम्म्यावर आणलं. "आता वाचा."

"प."

"आणि खाली?"

"पुसट."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तक्त्याकडे पाहिलं. काहीतरी चुकलं, हे तिला समजलं. काय ते समजेना. जवळ आल्यावर माणसाला जास्त दिसायला हवं, एवढी साधी गोष्ट भीतीपोटी सुचलीच नव्हती. दिसत असताना न दिसल्यासारखं करणं इतकं अवघड असेल असं तिला वाटलं नव्हतं. डोळे आपोआप अक्षरांवर जात होते, जशी जीभ दुखऱ्या दातावर जाते.

"तुम्ही बाहेर बसा हं," बाई विहीणबाईंना म्हणाल्या. "आता काचा लावून बघायच्यात. त्याला वेळ लागतो."

"मी गप्पच बसलेय की."

"तरी बाहेर."

विहीणबाई उठल्या. जाता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवून, थोडासा दाबून गेल्या. दार लागलं.

बाईंनी तिच्या नाकावर एक जड, गोल चौकट चढवली. उजव्या बाजूला काळी चकती, डाव्या बाजूला एक काच.

"आता बघा बरं. चष्मा लागला की दिसेल."

तिला केवढा तरी हुरूप आला. चष्म्यानं दिसलं तर काय हरकत? त्या दिवशी खिडकीत लांबचा चष्मा कुठं होता? म्हणजे वाचलं तरी चालतं. ती दुसरी ओळ वाचून गेली, तिसरी, चौथी. शेवटची ओळ तर तिनं शाळेतल्या मुलीसारखी घडाघडा म्हटली. "ट, न, क, ल, र."

बाईंनी चौकटीतली काच काढली, तक्त्याच्या उजेडात धरली आणि तिच्यासमोर आडवी-उभी हलवून दाखवली.

"काकू, ही काच साधी आहे. खिडकीला असते तशी. नंबरच नाही हिला."

पदरानं तोंड पुसून ती तशीच बसून राहिली.

"मी पोलीस नाही," बाई स्टूल ओढून बसत म्हणाल्या. "मला फक्त किती दिसतं ते लिहायचं असतं. बाहेर बसल्यात त्या कोण?"

"विहीणबाई."

"मुलगी दिलीय त्यांच्याकडे?"

"हो. दिवस भरत आलेत. ज्यानं गाडी घातली, तो तिचा दीर."

बाईंनी सुस्कारा सोडला. बाहेर कुणीतरी पुढच्या पेशंटला हाक मारत होतं. त्या खाली बघून म्हणाल्या, "उत्तरं जुळत नाहीत, नक्की सांगता येत नाही, असं लिहिता येतं मला. खोटं नाही ते. जुळलीच नाहीत तुमची उत्तरं. त्यांच्या वकिलाला तेवढं पुरेल."

"म्हणजे मी खोटंही बोलले नाही, आणि खरंही नाही?"

"तसंच काहीसं."

"आणि घरी जायचं?"

"घरी जायचं."

सुटकेचा रस्ता असा समोर उघडा होता. कुणाला काही कळणार नव्हतं. लेकीचं बाळंतपण सुखरूप होईल, ती मांडीवर नातवंड घेईल. 'लिहा तसंच' म्हणायला तिनं तोंड उघडलंही.

"सदरा फाटला होता त्याचा," ती म्हणाली.

"कुणाचा?"

"शिपायाचा. इथून इथपर्यंत." तिनं स्वतःच्या पोटावरून बोट फिरवलं. "माणसं जमली ना भोवती, तर तो सारखा सदरा ओढून पोट झाकत होता. हात उचलत नव्हता नीट, तरी ओढत होता. कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे गाडी कुठं गेली बघत होते. मला वाटलं, खाली जावं, सुई-दोरा घेऊन..." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "वेड्यासारखंच वाटलं, पण वाटलं. हे कुणाला सांगितलं नाही मी. कोर्टातही नाही. कुणी विचारलंच नाही."

बाईंनी तपासणीचा कागद बाजूला ठेवला.

"एवढं सगळं दिसलंय मला. आता नाही दिसलं कसं म्हणू?"

"लेकीचा विचार करा, काकू. मी घाई नाही करत."

"तिचाच तर करतेय रात्रंदिवस." तिनं चौकट काढून बाईंच्या हातात दिली. खुर्ची आपणच मागे, पहिल्या जागी सरकवली. झाकण दोनदा निसटलं. मग तिनं उजवा डोळा झाकला आणि वाचायला सुरुवात केली. आवाज इतका बारीक होता की बाईंना जवळ येऊन ऐकावं लागलं. एक डोळा झाला, मग दुसरा. तळाच्या ओळीपर्यंत ती कुठेही अडखळली नाही.

बाहेर विहीणबाई उभ्याच होत्या. "झालं? काय निघालं?"

"दिसतं मला."

"म्हणजे किती?"

"सगळं."

विहीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांनी पर्सची चेन ओढून बंद केली. "बरं," त्या म्हणाल्या. "मी निघते मग. तुम्ही जाल ना तुमच्या तुम्ही?"

दिराला शिक्षा झाली. शिपायाच्या घरचं कुणी तिला भेटायला आलं नाही, आणि तिलाही ते नकोच होतं. लेकीचे फोन बंद झाले. बाळंत झाल्याचं तिला एका गिऱ्हाइकाकडून कळलं. नात झाली होती. तिनं झबली शिवून ठेवली आणि ती कपाटात तशीच पडून राहिली. कधी कधी काम करता करता ती बाहेर बघायची आणि तिला वाटायचं, एवढं लांबचं दिसून काय उपयोग झाला?

मग एका दुपारी फोन वाजला. आवाज दबका होता.

"आई, मी."

"कशी आहेस गं?"

"बरी. ऐक. आमच्या समोरच्या मैदानापलीकडे बसथांबा आहे ना, तिथून आमची गच्ची दिसते." लेक घाईघाईनं बोलत होती. "दुपारी त्या झोपतात. मी कपडे वाळत घालायला वर जाते. तुला दिसेल."

"किती लांब आहे ते!"

"तुला दिसेल, आई."

दुसऱ्या दिवशी ती थांब्यावर जाऊन उभी राहिली. गर्दी होती. बस आली, गेली; ती चढली नाही. बऱ्याच वेळानं गच्चीचं दार उघडलं आणि लेक बाहेर आली. वाळली होती. कडेवर नात होती. डोक्यावर दाट जावळ, एक मूठ तोंडात, आणि झबल्याचा एक बंद सुटून लोंबत होता. आईचा चष्मा ओढत असावी पोर, कारण लेकीनं तो काढून हातात धरला होता. चष्म्याशिवाय लेकीला चार हातांवरचं धड दिसत नसे.

लेकीनं बाळाला दोन्ही हातांनी उंच धरलं. तोंड थांब्याकडे केलं. पण ती बघत होती भलतीकडे, थांब्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे एक अनोळखी बाई पिशवी घेऊन उभी होती. त्या बाईकडे बघून लेक हसत होती.

रफूकाकूनं हात वर केला नाही, हाकही मारली नाही. माणसांमधून वाट काढत ती त्या टोकाला गेली आणि लेक जिथे बघत होती, तिथे उभी राहिली.