त्या चाळीस मिनिटांचा आलेख

मित्रांनो, मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातला एक जुना मॉनिटर आहे. अत्यवस्थ तान्ह्यांच्या डोक्याला बारीक तारा चिकटवतात आणि त्यांच्या मेंदूचा आलेख मी पडद्यावर काढतो. मेंदूला झटका आल्यासारखं दिसलं, की घंटा वाजवून सगळा विभाग डोक्यावर घेतो. कारखान्यातून नवाकोरा आलो तेव्हा माझं कोण कौतुक झालं! पण नव्याचे नऊ दिवस. पुढे माझं नाव पडलं 'बोंबल्या'.

एकदा एक मुलगी आली. जन्मताना तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला होता, म्हणून मेंदूला आणखी इजा होऊ नये यासाठी तीन दिवस तिला थंड गादीवर ठेवायचं होतं. आई वरच्या मजल्यावर, टाके ओले. त्यामुळे बाळाजवळ आत्या बसे. उचलून घ्यायला मनाई, तेव्हा ती बिचारी हलकेच थोपटत राही. त्याने तारा हलत, आलेख झटक्यासारखा वरखाली होई आणि मी बोंब ठोकी. पहिल्यांदा सगळे धावत आले. नर्सताईंनी आत्याचा हात पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"अहो आत्या, तुम्ही थोपटता आणि हा बोंबलतो!"

"मग काय हाताची घडी घालून बसू?"

सगळे हसले. मग रोजचंच झालं. घंटा वाजली, की "आत्या, पुरे हं" म्हणायचं आणि घंटा बंद करायचं बटण दाबायचं. एकदा ते दाबलं, की आलेख शांत होईपर्यंत माझा आवाज बंद.

तिसऱ्या दिवशी दुपारी जुळी बाळं आली. धावपळ चालली होती, तेवढ्यात मी ओरडलो. नर्सताईंनी पाठमोऱ्याच हात लांबवून बटण दाबलं. "आत्या, पुरे हं."

आत्या खाली जेवायला गेली होती!

मला पाय असते, तर पायाखालची जमीन सरकली असती. बाळाचं बोटही हलत नव्हतं. सगळा झटका आत, मेंदूत चालला होता. माझा आवाज बंद. मी नुसता आलेख काढत राहिलो.

चाळीस मिनिटांनी आत्या परतली. नर्सताईंची नजर पडद्यावर गेली. "आत्या, थांबवा की आता."

"अगं बाई, मी तर आत्ताच येतेय!"

नर्सताईंचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी आलेख मागे नेऊन वेळ मोजली. शिरेतून औषध गेलं, तेव्हा कुठे आलेखाच्या लाटा निवल्या.

संध्याकाळी आईला चाकांच्या खुर्चीतून खाली आणलं. नर्सताईंनी काहीही न लपवता स्वतःच सगळं सांगितलं. आई म्हणाली, "ताई, तेवढा वेळ तिला दुखत होतं का हो?"

नर्सताईंनी माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, याचं उत्तर माझ्या आलेखात येत नाही. अजून ते आठवलं की मी सुन्न होतो.

मला खुशाल बोंबल्या म्हणा. पण घंटा बंद करण्याआधी एकदा, फक्त एकदा, मागे वळून बाळाकडे बघा.