तोंड तर तुझंच

"शिवण कुठे उसवलीय का?" सेबातीने विचारलं.

"नाही. शिवण चांगलीय."

"मग लोकर कमी वाटली? दाबून बघा, साबिहा हानिम. थंडीत कमी वाटते. दोन दिवस उन्हात टाकली की फुगते."

साबिहा हानिमने दाबून बघितली नाही. दोरीने बांधलेली रजई तिने त्याच्या बैठकीच्या फळीवर ठेवली आणि हात मागे घेतले. लाल सॅटिनची, मधोमध मोरपिसाचं शिवणकाम केलेली ती रजई तिच्या मुलीच्या, नेर्मिनच्या लग्नाची होती. लग्न वसंतात होतं.

"नेर्मिन म्हणते, नको," ती म्हणाली. "पैसे राहू द्या तुमच्याकडेच. कष्टाचे आहेत, हलाल आहेत तुम्हाला, सेबाती बेय."

ती चढण चढून निघून गेली. आतल्या खोलीतून सेबातीची बायको पेरिहान आली, रजईकडे पाहून तिने डोक्याचा रुमाल सारखा केला.

"मला ठाऊकच होतं. नळावर कानांनी ऐकलं मी. नेर्मिन मैत्रिणींना सांगत होती, त्याच्या रजईखाली नवराबायकोनं बोलायचं तरी काय? भिंतीला कान असतात, इथं पांघरुणालाच आहेत."

"तसं म्हणाली?"

"आणि सगळ्या हसल्या. तुम्ही चला आता बुर्साला. मुलगी बोलावतेय, जावई बोलावतोय. रजया तिथंही लागतात लोकांना."

"गेलो तर म्हणतील, पळाला."

"आणि राहिलात तर?"

 सेबातीला रजई परत आल्याचं एवढं लागलं नव्हतं. त्याला लागलं होतं ते 'बेय'. बालात मोहल्ल्याच्या त्या चढणीवर बेय म्हणत ते डॉक्टरला, शाळेच्या मुख्याध्यापकाला, किंवा ज्याच्याशी ओळख ठेवायची नाही अशा माणसाला. रजया शिवणारा सेबाती आयुष्यभर उस्ता होता, म्हणजे कारागीर. आणि उस्ता नसेल तेव्हा इस्पियोन होता, म्हणजे चहाडखोर, खबऱ्या.

ते नाव त्याला सिनेमाने दिलं होतं. चौदा वर्षांपूर्वी तो बेयोलूच्या एका स्टुडिओत रजई पोचवायला गेला होता. शयनगृहाच्या दृश्यासाठी त्यांना लाल रजई हवी होती. त्या दिवशी चुगलखोराचं काम करणारा नट आलाच नव्हता. दिग्दर्शकाने सेबातीच्या लांबट चेहऱ्याकडे, खोल डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "याला घ्या." चित्रपटाचं नाव होतं 'सुलतानाचा पाचू'. चौघे चोर संग्रहालयाच्या घुमटातून दोरीने उतरतात आणि कबुतराच्या अंड्याएवढा पाचू पळवतात. संग्रहालयाचा झाडूवाला त्यांना आतून मदत करतो, आणि पोलीस कमिशनरसमोर बसवल्यावर मोडतो. तो झाडूवाला सेबाती. पडद्यावर मिनिटभर. त्यात एक वाक्य, चेहरा पडदाभर: "सांगतो, साहेब. सगळ्यांची नावं सांगतो."

त्या उन्हाळ्यात चढणीखालच्या उघड्या सिनेमागृहात सगळा मोहल्ला खुर्च्या उचलून बसला होता. वाक्य झालं तसा पडद्यावर सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा पाऊस पडला. कोणीतरी सोड्याची बाटलीही फेकली. दुसऱ्या दिवशी सेबाती कहवाखान्यात शिरला तेव्हा मालक एक्रेम आवाज जाड करून म्हणाला, "सांगतो, साहेब!" आणि नाव चिकटलं.

सुरुवातीला सेबाती समजावत असे. आपले चित्रपट तेव्हा मुकेच काढत, आवाज मागाहून दुसरे नट घालत. "तो आवाज माझा नाही रे. माझा आवाज असा घोगरा आहे का?"

"आवाज नसेल," एक्रेम म्हणायचा, "तोंड तर तुझंच."

 मग सेबातीही हसू लागला. तो आला की सोंगट्या खेळणारे ओठांवर बोट ठेवत. "गप्प बसा, इस्पियोन आला." कोणाच्या बायकोने चोरून कर्णफुलं घेतली, कोणी देशी दारू प्यायला, सगळ्याचा आळ विनोदात त्याच्यावर. त्या नावावर त्याला गिऱ्हाईकंही मिळाली. बाहेरच्या मोहल्ल्यातल्या बायका विचारत यायच्या, "इस्पियोनचं दुकान कुठलं?"

मग लष्कराने सत्ता घेतली. दुसऱ्या हिवाळ्यात किराणावाल्या हैरीचा मुलगा तारिक, साबिहा हानिमचा थोरला, पहाटे जीपमधून नेला गेला. शिक्षकी शिकत होता. त्याने मागच्या अंगणातल्या कोळशाच्या खोलीत पुस्तकं पुरली होती. शिपाई घरात शोधत बसले नाहीत. सरळ अंगणात गेले आणि कोळसा उपसला. त्या अंगणावर उघडणारी खिडकी एकच होती, सेबातीच्या दुकानाची. तिथे उभा राहून तो लोकर झोडत असे.

कोणी त्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो म्हणाला असता की आपण पाठमोरे उभे राहतो, समोर असते ती लोकर आणि तिची धूळ. पण विचारलंच नाही. फक्त त्या दिवसापासून इस्पियोन हे नाव चढणीवर ऐकू येईनासं झालं. सोंगट्या खेळणारे ओठांवर बोट ठेवीनात. ते खरंच गप्प होत आणि म्हणत, "या, सेबाती बेय. बसा." नाव विनोदात होतं तोवर खोटं होतं. ते घ्यायचं लोकांनी थांबवलं तेव्हा सेबातीला कळलं की आता ते खरं झालं.

आरोप झाला असता तर तो नाकारता आला असता. न झालेला आरोप कुठे जाऊन नाकारायचा? पोलीस ठाण्यात जाऊन "मी तुमच्याकडे आलो नव्हतो असं लिहून द्या" म्हणायचं? नुसता ठाण्याच्या दारात दिसला असता तरी पुरे होतं.

रजई परत आली त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात छापून आलं की रविवारी दुपारी टीव्हीवर 'सुलतानाचा पाचू' दाखवणार.

"तुम्ही घरातून हलायचं नाही," पेरिहान म्हणाली.

"नाही गेलो तर बघतील, नाही आला म्हणून."

"आणि गेलात तर बघतील, आला म्हणून. मग घरी तरी बसा. इथं शेगडी आहे."

"कोणी एकानं म्हटलं पाहिजे, पेरिहान. एकानं जरी म्हटलं, सांगतो साहेब, की सुटलो."

 मग तिने त्याचा चांगला कोट काढून दिला.

जाताना त्याने कोपऱ्यावरून भाजलेल्या सूर्यफुलाच्या बियांची मोठी पुडी घेतली. कहवाखाना भरला होता. शेगडीच्या बाजूला, टीव्हीच्या समोर हैरी बसला होता. दाढी वाढलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर. लोकांनी सेबातीला जागा करून दिली, जरा जास्तच जागा. त्याने पुडी उघडून टेबलाच्या मधोमध सरकवली.

"घ्या ना," तो म्हणाला. "टरफलं फेकायला लागतील."

हे तो हसत म्हणाला होता. कोणी हात पुढे केला नाही.

"पोट भरलंय, सेबाती बेय," एक्रेम म्हणाला. "चहा आणतो."

चित्रपट सुरू झाला. चोर घुमटावर चढले. दोरी सुटली. पाचू काचेखाली चमकत होता, टीव्हीच्या काळ्यापांढऱ्यात तो साध्या खड्यासारखाच दिसत होता. एरवी या जागी कोणी ना कोणी म्हणालं असतं की आपल्या गवंडी इहसानला पाठवा, दोरी न लावता उतरेल. आज कोणी काही बोललं नाही.

दार उघडून थंड वारा आला. समोरच्या इस्त्रीच्या दुकानातली मेलाहत एक्रेमचे धुतलेले एप्रन घेऊन आली होती. लहानपणी तापात तिचे कान गेले होते. ती बोलायची, पण आवाज आपला आपल्याला ऐकू येत नसल्याने तो कधी फार वर जायचा, कधी खाली, आणि पोरं तिची नक्कल करायची. बोलणाऱ्याच्या ओठांवरून तिला सगळं कळे. बाई माणूस, म्हणून ती आत आली नाही. उंबऱ्यावर उभी राहून टीव्हीकडे बघू लागली.

कमिशनरने टेबलावर हात आपटला. सेबातीचा चौदा वर्षांपूर्वीचा चेहरा पडदा भरून आला. डोळे पाण्याने भरलेले, ओठ थरथरणारे. आणि त्या ओठांवर दुसऱ्याचा जाड आवाज आला: "सांगतो, साहेब. सगळ्यांची नावं सांगतो."

सेबाती वाट बघत होता. शेगडीत कोळसा खाली बसल्याचा आवाज झाला. कोणी टरफल फेकलं नाही, कोणी खोकलंही नाही. हैरीचे हात गुडघ्यांवर तसेच होते.

तेव्हा उंबऱ्यावरून मेलाहत हसली. मोठ्याने, फाटक्या आवाजात. सगळे वळले.

"काय झालं, मेलाहत अब्ला?" एक्रेमने तिच्याकडे तोंड करून विचारलं.

"बूट," ती म्हणाली. "बूट म्हणतोय तो. बूट चावतात. काढू का म्हणतोय." आणि तिने सेबातीकडे बोट केलं. "तेव्हाही हेच म्हणाला होता. उन्हाळ्यात. खाली सिनेमात. तुम्ही सगळे ओरडत होता, मी हसत होते."

सेबातीला आठवलं. इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. न आलेल्या नटाचे बूट त्याच्या पायात घातले होते, एका मापाने लहान. वाक्य सांगणारा माणूस सिगारेट आणायला गेला होता, आणि दिग्दर्शक म्हणाला होता, "काहीही बोल. ओठ हलले की झालं, आवाज नंतर घालू." तो जे खरं होतं ते बोलला होता. डोळ्यांतलं पाणीही बुटांचंच होतं.

"हो," तो म्हणाला. "बूट चावत होते मला."

तो सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होता. खिडकीजवळच्या एकाच्या ओठाचा कोपरा हलला. एरवी हा विनोद वर्षभर पुरला असता. पण त्या माणसाने हैरीकडे पाहिलं, आणि ओठ पुन्हा सरळ केला.

"बहिरी आहे," मागून कोणी हळूच म्हणालं. "तिला काय ऐकू येणार."

हैरी उठला. त्याने टोपी घातली, सेबातीच्या टेबलाजवळ थांबला. सेबातीही अर्धा उठला. हैरीचं लक्ष त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं, बियांच्या पुडीवर होतं.

"तारिकला आवडायच्या," तो म्हणाला, आणि बाहेर पडला. मेलाहतने बाजूला होऊन वाट दिली.

सेबातीच्या ओठांवर ते वाक्य आलं होतं, मी सांगितलं नाही. हैरीच्या मागे रस्त्यात धावून ते म्हणायचं? पडद्यावरच्या माणसाने मिनिटापूर्वी सगळ्यांची नावं सांगायचं कबूल केलं होतं. तो तसाच अर्धवट उभा राहिला.

"बसा, सेबाती बेय," एक्रेम म्हणाला. "चहा थंड होतोय."

त्याने चहा प्यायला. पुडीचं तोंड दुमडून ती कोटाच्या खिशात ठेवली आणि घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नेर्मिनची रजई उसवायला घेतली. मोरपिसाचे टाके एकेक करून कापले, सॅटिन घडी करून ठेवलं, लोकर काढून पसरली. काठी हातात घेतली, पण अंगणाच्या खिडकीशी गेला नाही. लोकर दुकानाच्या पुढच्या बाजूला, रस्त्याकडच्या काचेसमोर ओढून आणली.  आत पेरिहान पेटी भरत होती की रिकामी करत होती, ते आवाजावरून कळत नव्हतं.

समोरच्या काचेपलीकडे मेलाहत कोणाच्या तरी शर्टाची कॉलर दाबत होती. इस्त्रीची वाफ काचेवर बसत होती, ती मनगटाने पुसत होती. पुसता पुसता तिने वर पाहिलं.

सेबातीने काठी खाली ठेवली. दोन्ही दुकानांच्या मधून बायका नळाकडे चालल्या होत्या, त्यांत साबिहा हानिमही होती. त्याने त्यांना जाऊ दिलं. मग, आवाज न काढता, एकेक शब्द नीट ओठांवर घडवत तो म्हणाला, "मी सांगितलं नाही."

मेलाहतने मान डोलावली, आणि कॉलर उलटी करून दुसऱ्या बाजूने इस्त्री फिरवली.