तिसऱ्या मजल्यावरचा रिफअत

“आणि तुमचं नाव विचारलं तर?” रिफअतने तिसऱ्यांदा विचारलं.

“एकतीस वर्षं या दारात बसतोय,” शाजली म्हणाला. “अजून कुणी विचारलं नाही. काका म्हटलं की सगळ्यांचं भागतं.”

जिन्याखालच्या त्या खोलीत ताठ उभं राहता येत नसे. बाप खाटेवर बसला होता आणि इंजिनिअर झालेला मुलगा मान वाकवून उभा होता. कैरोत सोयरीक जुळवायची तर मुलीकडचे चौकशीसाठी आधी मुलाच्या इमारतीच्या दरवानाला गाठतात. आज मुलीचे चुलते यायचे होते. त्यांना रिफअतने सांगून ठेवलं होतं, की मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. वडील शिक्षक होते, वारले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई कॅनडात होत्या. त्यांनी विश्वासाने ठेवलेली किल्ली शाजलीने कालच मुलाच्या हातावर ठेवली होती.

“बाबा, चार कंपन्यांनी मला काय येतं ते विचारलं नाही. बाप काय करतो तेवढं विचारलं. खरं सांगितलं तोवर घरी बसलो.”

“मी कुठं नाही म्हणतोय? गुरुवारी सोयरिकीची फातिहा म्हणायला आपल्याकडून कोण जाणार?”

“ऑफिसातले साहेब येतील.”

खुंटीवर शाजलीचा नवा झगा होता. गुरुवारसाठीच शिवलेला. “बरं झालं,” तो म्हणाला. “माझं बोलणंही गावंढळ.”

चुलते दुपारी आले. भला माणूस निघाला. दरवानाच्या बाकावर शेजारी बसला, चहाला नाही म्हणाला नाही.

“काका, आपल्याच लेकीचं आहे असं समजून सांगा. रिफअत कसा आहे?”

“सोनं आहे. व्यसन नाही, टवाळी नाही. पहाटेपर्यंत दिवा जळायचा त्याचा.” कुठल्या खोलीत, ते त्याने सांगितलं नाही.

“आणि वडील?”

शाजलीने ग्लास खाली ठेवला. “मोठा माणूस नव्हता, साहेब. पण लेकरावर जीव होता.”

“तुमची ओळख होती?”

“रोज आरशात... रोज दिसायचा जिन्यातल्या आरशात भांग पाडताना.”

“कशाने गेले बिचारे?”

हे ठरवायचं राहून गेलं होतं. “जिने चढून-उतरून,” तो बोलून गेला. मग सावरून म्हणाला, “छाती दुखायची. सांगायचा नाही कुणाला.”

चुलते हळहळले. “या काका, आपण दोघं त्यांच्यासाठी फातिहा म्हणू.”

दोघांनी तळहात वर केले. लहानपणापासून पाठ असलेली ती प्रार्थना, सोयरिकीलाही तीच आणि मेलेल्यासाठीही तीच. शाजलीचा एक शब्दही चुकला नाही. शेवटी तोंडावरून हात फिरवायचा असतो. पाहुण्याचा फिरवून झाला, तरी शाजलीचे हात तोंडावरच होते.

लिफ्टचं दार वाजलं. रिफअत बाहेर आला. चुलत्यांनी त्याला पोटाशी धरलं. “वडिलांचंच बोलत होतो रे. काकांना फार आठवण आहे त्यांची.”

रिफअतने बापाकडे पाहिलं. “काका,” तो म्हणाला, “साहेबांची गाडी जरा काढून द्या.” आवाज कापला नाही. शिकला, असं शाजलीला वाटलं.

“मागे घ्या, साहेब. अजून मागे,” डिकीवर थापा मारत तो गाडी काढून देत राहिला.

गुरुवारी सूर्यास्ताचा नमाज झाल्यावर त्याने नवा झगा घातला आणि बाकावर येऊन बसला. तिकडे फातिहा किती वाजता आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आत्ता असेल, असं धरून त्याने तळहात वर केले.

“ओ काका!” पाचव्या मजल्यावरून हाक आली. “लिफ्ट अडकली पुन्हा!”

त्याने हात खाली घेतले. झग्याच्या कडक, नव्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, आणि तो जिना चढू लागला.