चौदावे पुस्तक

मित्रांनो, जरा लांबच उभे राहा आणि तिथूनच ऐका. मी एका वाचनालयाचे जुने सागवानी कपाट आहे आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. यात माझा दोष थोडा आणि जन्माचा जास्त. निजामाचे राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी जहांगीर मिस्त्रींनी मला औरंगाबादेत घडवले, तेव्हाच माझ्या काचेच्या दाराला वर एक आणि खाली एक अशी दोन कुलुपे बसवली. पाळण्यापासून ज्याला दोन कुलुपे, त्याला सगळे जग चोर दिसणारच.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीतल्या वाचनालयात मला ठेवले. काही वर्षांनी तिथल्या समितीने एक पद्धत पाडली. दरवर्षी मोठे बक्षीस मिळालेले एक मराठी पुस्तक विकत घ्यायचे आणि माझ्या पोटात ठेवायचे. दारावर पुस्तकांची यादी चिकटवलेली असे. ही पुस्तके खोलीबाहेर न्यायला सर्वांना बंदी होती, फक्त अध्यक्ष आप्पासाहेबांना नव्हती. ते गंगापूरकडचे मोठे जमीनदार. किल्ल्यांचा एक जुडगा त्यांच्याकडे आणि दुसरा ग्रंथपाल बद्रीनाथकडे. आप्पासाहेब नवे पुस्तक पंधरा दिवस घरी नेत आणि मग माझ्यापुढे उभे राहून त्यावर तासभर भाषण करत. चौदाव्या पुस्तकाचा शेवट सांगताना तर त्यांनी रुमालाने डोळे टिपले होते. लोक टाळ्या वाजवत, माझ्या चकचकीत काचांचे कौतुक करत आणि चहा पिऊन घरी जात. पुस्तक मागायला कुणी येत नसे. खरे सांगतो, मला ते बरेच वाटे.

अशात मुख्तार आला. तो पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून होता, वय चाळीसच्या आसपास. निजामाच्या राज्यात त्याचे सगळे शिक्षण उर्दूत झालेले. आता कचेरीचा कारभार मराठीत आला होता आणि त्याने लिहिलेल्या टिपणांना बाकीचे कारकून हसत होते. त्याने बद्रीनाथला सांगितले की, यादीतली सगळी पुस्तके वरून खाली ओळीने वाचणार, एकही गाळणार नाही. बद्रीनाथने त्याला दोनदा वरपासून खालपर्यंत न्याहाळले. मी तर त्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून बसलो.

आणि दिसले तेही तसेच. मुख्तार रोज संध्याकाळी समोरच्या टेबलाशी बसे आणि पुस्तक हमखास शेवटाकडून उघडे. मग दचकून उलटे करी. हा नुसता शेवट बघतो आणि वाचल्याचे सोंग करतो, असे मी ठरवून टाकले. उर्दू पुस्तक त्या बाजूने उघडते आणि बोटांची जन्माची सवय जात नाही, हे मला कोण सांगणार? वाचताना तो ओठ हलवी आणि मध्येच इकडेतिकडे बघे. कुणी ऐकून हसेल म्हणून तो बघत होता. मला वाटे, संधी शोधतोय. तो आला की माझे दार मी मुद्दाम अडवून धरी.

एकदा त्याने खिशातून कागदात गुंडाळलेले दाढीचे पाते काढले आणि पुस्तकात घातले. बारीक सर्र असा आवाज आला. बद्रीनाथनेही ते पाहिले. त्याने मुख्तारला विचारले नाही, तो थेट आप्पासाहेबांकडे गेला. तोवर मुख्तारची तेरा पुस्तके झाली होती. एकच राहिले होते.

रविवारी सकाळी समिती बसली. तेरा पुस्तके टेबलावर मांडली. मुख्तारचे नाव कमी करायचे हे जवळजवळ ठरलेलेच होते. तो टोपी सारखी करत उभा होता. मला मनातून आनंद झाला होता. आज हे सांगताना लाज वाटते, पण झाला होता.

आप्पासाहेबांनी विचारले, "मुख्तारमियाँ, पुस्तकांना पातं लावलं का तुम्ही? व्हय का नाय?"

"व्हय साहेब, लावलं. पानं कडेला एकमेकांना जोडलेली होती. छापखान्यातूनच न कापता आलेली. कापल्याबिगर वाचता येत नव्हती."

"कोणत्या पुस्तकाची?"

"सगळ्याच," मुख्तार हळूच म्हणाला.

बद्रीनाथने एकेक पुस्तक चाळून पाहिले. पान एकही गेले नव्हते. मग त्याने माझ्यातून चौदावे काढले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ते जोडलेलेच होते. कुणीही आप्पासाहेबांकडे पाहिले नाही. आप्पासाहेबांनी चहा मागवला आणि विषय संपला असे सांगितले. मुख्तारला मात्र कुणी 'चुकलो' म्हणाले नाही. त्याने चहा न घेता सलाम केला आणि तो गेला.

मित्रांनो, ती पुस्तके वर्षानुवर्षे माझ्या पोटात होती. ती कधी कुणी उघडलीच नव्हती, हे मलाच ठाऊक नव्हते. मी फक्त येणाऱ्यांचे हात बघत राहिलो.

मुख्तार परत आला नाही. महिनाभराने बद्रीनाथ नियम मोडून चौदावे पुस्तक घेऊन त्याच्या घरी गेला. तासाभरात तो पुस्तकासकट परतला आणि ते फळीवर ठेवता ठेवता स्वतःशीच बोलल्यासारखे बोलला. मुख्तारची बायको ताहेरा दारात आली होती. तिने पुस्तक हातात घेतले, पुसले आणि परत दिले. ती म्हणाली, "ते म्हणतात, पहाऱ्यात बसून लई वाचलं. आता नको."

पुढे आप्पासाहेब गेले, बद्रीनाथही गेला. शहराचे नाव बदलले. मी जिन्याखाली आलो. माझी एक काच फुटली आहे आणि कुलुपे गंजून कधीच गळून पडली. माझ्या डोक्यावर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आहेत. त्याचे मला फारसे काही वाटत नाही.

पण चौदावे पुस्तक अजून वरच्या फळीवर आहे. त्याची पाने आजही जोडलेलीच आहेत. मित्रांनो, मघाशी लांब उभे राहा म्हणालो ते विसरा. जवळ या, ते काढा, कापा आणि शेवटपर्यंत वाचा. तुम्ही कोण, कुठले, पुस्तक परत आणाल की नाही, मी काही विचारणार नाही.