सायीचं लोणी झालं

केकचा पहिला थर तळाला करपला. इंदिरेनं डबा उपडा केला, सुरीनं काळं काळं खरवडून काढलं आणि दुसऱ्या थराचं पीठ ओतलं. दुसऱ्याच्या कडा फुगून वर आल्या, पण मधोमध असा खड्डा पडला की त्यात वाटीभर पाणी सहज राहिलं असतं. मग मात्र तिनं हातातला चिमटा फरशीवर आपटला.

लोणावळ्याच्या त्या घराच्या मागच्या पडवीत सकाळपासून हा उद्योग चालला होता. शेगडीवर मोठं पातेलं, पातेल्यात वाळू, वाळूत बिस्किटांचा रिकामा डबा, डब्यात केकचं पीठ. वर परात आणि परातीत निखारे. सासूबाईंनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "ते साहेबी प्रकरण माझ्या चुलीवर नको. काय करायचं ते बाहेर करा."

मळवलीहून दूध घेऊन येणारी कस्तुराबाई आज रतीब घालून लगेच गेली नव्हती. पदरानं निखाऱ्यांना वारा घालत ती गंमत बघत बसली होती.

"वयनी, खाली इस्तू अन् वर बी इस्तू. माणूस असतं तर कवाच उठून पळालं असतं बगा."

"हा पळाला असता तरी बरं झालं असतं, कस्तुराबाई."

"अंडं नाही ना गं घातलंस?" आतून सासूबाईंचा आवाज आला. सकाळपासून चौथ्यांदा.

"नाही हो सासूबाई. दही घातलंय, दही आणि सोडा."

इंदिरेच्या यजमानांनी, अनंतरावांनी, स्टेशनातल्या कुणा साहेबाच्या बायकोच्या पुस्तकातून कृती उतरवून आणली होती. रेल्वेच्या कारकुनाचं ते वळणदार अक्षर. 'अंडी चार' असं लिहून त्यावर त्यांनी एक रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'त्याऐवजी तुला सुचेल ते.' कागद तिच्या हाती देऊन ते ड्यूटीवर निघून गेले. सुचेल ते! चार अंडी उडवायला त्यांना एक रेघ पुरली आणि ती भरून काढायला हिची सबंध सकाळ गेली.

या साऱ्याच्या मुळाशी एक केळं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी टेकाडावरच्या पारशी बंगल्यात पेरीनचा वाढदिवस झाला. पेरीन म्हणजे इंदिरेच्या लेकीची, रजनीची जिवाभावाची मैत्रीण. दोघी पाच-पाच वर्षांच्या. इंदिरा रजनीला घेऊन निघाली तेव्हा सासूबाईंनी दारातच नातीला जवळ घेऊन बजावलं, "तिथं काही खायचं नाही हं. त्यांच्यात अंडं असतं. केळं दिलं तर घे."

मेजावर पांढऱ्याशुभ्र सायीचा, वर लालचुटुक फळं लावलेला केक आला. रजनीपुढे बशी आली तशी तिनं ती दोन्ही हातांनी पुढं लोटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्यात चालत नाही. केळं असेल तर द्या." मुंबईहून आलेली मुलं खो खो हसली. कुणीतरी केळं आणून दिलं. रजनीनं ते सोललं नाही. मुठीत घट्ट धरून ती बसून राहिली आणि घरी येईपर्यंत त्याचा काळा लगदा झाला.

त्या संध्याकाळी लेकीची चिकट बोटं धुता धुता इंदिरा म्हणून गेली, "तुझ्या वाढदिवसाला मी घरी करीन हं केक. पेरीनला बोलाव. दोघी एका बशीत खा."

रजनीनं ते पक्कं धरलं. त्या दिवसापासून 'दोघी एका बशीत' याखेरीज तिच्या तोंडी दुसरं काही नव्हतं. आणि आज चार वाजता पेरीन तिच्या आईबरोबर येणार होती.

"केळं नको हं आई त्यात," रजनी पडवीच्या उंबऱ्यावरून म्हणाली.

"नाही घालत राणी. आंबा घालू. आणि ही बघ, कस्तुरामावशींनी करवंदं आणलीत."

पळसाच्या पानाच्या द्रोणात काळीभोर करवंदं होती. इंदिरेनं दोन पायरी आंबे चिरले, करवंदं धुऊन ठेवली आणि साय पुढं ओढली. दोन दिवसांची, न तापवलेल्या दुधावरची, गार पाण्याच्या घंगाळात जपलेली साय. कागदावर लिहिलं होतं, 'फुलून उभी राहीपर्यंत फेटावी.' तिनं पातेलं पायांत धरलं, रवी घेतली आणि घुसळायला लागली.

साय फुलली. मऊ, हलकी, बंगल्यात होती तश्शी. एवढ्यात रजनीनं विचारलं, "आई, पेरीनला पाटावर बसवायचं की खुर्चीवर?" आतून सासूबाई म्हणाल्या, "अगं, ती पिठीसाखर बाजारची आहे की घरी दळलेली?" इंदिरा एकीला उत्तर देत होती, दुसरीकडे मान वळवत होती आणि हात चालूच होते. नवव्या वर्षापासून या हातांनी रवी धरली होती. एकदा धरली की लोणी येईपर्यंत थांबायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

आवाज बदलला तो तिला आधी ऐकू आला. घळक. मग तिनं खाली पाहिलं.

"आलं की लोनी!" कस्तुराबाई खुशीत म्हणाली. "लय झ्याक आलंय. वयनी, हात लय चांगला हाय तुमचा."

इंदिरेनं रवी सोडून दिली. ताकात पिवळसर गोळे तरंगत होते. दोन दिवसांची साय! आता तीन वाजून गेलेले, घरात दुसरी साय नाही, जी होती ती विरजणात गेलेली. तिला रडूही येईना. चांगला हात म्हणे. हाच हात तोडून टाकावा असं वाटलं तिला.

"आई, साखर." रजनी कधी शेजारी येऊन बसली कळलंच नाही. लोणी निघालं की पहिला गोळा साखरेत घोळवून तिच्या तळहातावर ठेवायचा, हा मायलेकींचा नेम. केक, पेरीन, सगळं विसरून ती हात पसरून बसली होती.

इंदिरेनं यांत्रिकपणे गोळा उचलला, पिठीसाखरेत बुडवला. रजनीनं तो बोटानं चिवडला, दाबला, आणि चाटण्याआधी वर धरून दाखवला. "बघ, पांढरा झाला."

खरंच झाला होता.

पुढचा पाऊण तास इंदिरेनं त्या लोण्यातच घातला. लोणी गार पाण्यात तीनदा धुतलं, पिठीसाखर घातली आणि तळहातानं परातीत असं फेसलं की खांद्यातून कळ निघाली. ते पांढरं झालं, हलकं झालं. करपलेल्या थरावर ते लावलं, आंब्याच्या फोडी पसरल्या, वर खड्ड्याचा थर ठेवला आणि खड्डाही लोण्यानं बुजवला. वरून करवंदं. वैशाखातलं ऊन ते, वरचा थर क्षणभर नीट राहिला आणि हळूहळू डावीकडे घसरायला लागला. तिनं तो सरळ केला. तो उजवीकडे निघाला. करवंदांचा जांभळा ओघळ पांढऱ्यावरून खाली आला.

"ऱ्हाऊ द्या आता, वयनी," दुधाची रिकामी कासंडी उचलत कस्तुराबाई म्हणाली. "जरा कललाय, पर गोड हाय."

ती गेली आणि चाराच्या ठोक्याला पाहुण्या आल्या.

पेरीननं केक पाहून टाळ्या वाजवल्या. रजनी ताठ मानेनं म्हणाली, "माझ्या आईनं केलाय." इंदिरेनं कापला. एकाच बशीत मोठा तुकडा ठेवला आणि बशी दोघींच्या मधे. रजनीनं बोट लावण्याआधी मान वळवून आजीकडे पाहिलं.

एवढं सगळं करून पोरगी अजून परवानगीच मागत होती.

"खा की गं. घरचंच आहे," सासूबाई म्हणाल्या.

पण आता पेरीनची आई पुढं झाली. "इंदिराबाई, तुमी वाईट नाय मानायचा हां. एवढा छान केला तुमी. पण पेरीनला गेल्या आठवड्यात ताप आला ने, तर डॉक्टरनी लोणी, साय, सगळा बंद केला. माझी जीभच नाय वळली अगोदर सांगायला. तिला आपला एक केळा असेल तर द्या ने."

केळं!

सासूबाई लगबगीनं आत गेल्या आणि केळं घेऊन आल्या. पेरीननं ते हातात धरलं. सोललं नाही. रजनी तिच्या मुठीकडे बघत राहिली, मग बशीकडे, मग आईकडे.

इंदिरेला वाटलं, तो अख्खा केक उचलून पडवीबाहेर भिरकावून द्यावा, त्यामागोमाग रवी आणि त्यामागोमाग तो वळणदार अक्षरातला कागद. तिनं पदरानं कपाळ पुसलं. लेक अजून तिच्याकडेच बघत होती. आजीकडे नाही, तिच्याकडे.

इंदिरेनं हळूच पडवीच्या दाराकडे डोळ्यांनी खूण केली.

मग ती वळून दोन्ही बायकांच्या आणि मुलींच्या मधे येऊन बसली आणि म्हणाली, "सासूबाई, ह्यांना तुमच्या काशीयात्रेचं सांगा ना. ह्यांनी ऐकलंच नसेल."

काशी म्हटलं की सासूबाईंना जागेवरून हलवणं देवालाही जमलं नसतं. मोगलसरायला गाडी कशी बदलली, सोबतच्या बाईची वळकटी कशी हरवली, गंगेचं पाणी किती गार होतं. पेरीनची आई गालाला हात लावून ऐकत होती. इंदिरा मधून मधून "मग?" म्हणत होती आणि कान मागं ठेवून होती. एवढ्याशा घासानं काही होत नाही, असं तिनं स्वतःलाच दोनदा बजावलं.

बशी जागेवर नव्हती. पडवीतून दोघींचं दबकं हसू ऐकू आलं, मग बोटं चाटल्याचा आवाज. इंदिरेनं किंचित मान वळवली. पातेल्याआड दोन डोकी एकमेकींना टेकली होती. सोललेलं केळं, दोघींनी एकेक चावा घेतलेलं, वाळूत पडलं होतं. पेरीनच्या नाकावर लोणी होतं.

"अगं, पोरी कुठं गेल्या?" गंगेतून मधेच वर येत सासूबाईंनी विचारलं.

"असतील इथंच," इंदिरा म्हणाली. "प्रयागला तुम्ही किती दिवस होतात, ते राहिलंच की सांगायचं."