नाक्यावरचा परागफलक

मित्रांनो, मला जुना म्हणण्याआधी थोडे थांबा. वयाने मी तुमच्या धाकट्या भावाएवढाही नसेन. पण माझा पत्रा गंजला आहे, पाटीवरची अक्षरे उन्हाने उडाली आहेत आणि मान वर करून माझ्याकडे पाहणारे आता कोणी उरलेले नाही. एवढे झाले की कोणीही जुने होते. मी एक परागफलक आहे. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या चढावर सागमाळ नावाचे बाजाराचे गाव आहे. तिथल्या बसथांब्याजवळच्या खांबावर मी टांगलेला असतो.

झेंडूचे फूल हुंगले की नाकाच्या शेंड्याला पिवळी भुकटी लागते ना, ते पराग. गवताचे पराग इतके बारीक की एकेकटे डोळ्यांना दिसतही नाहीत. वारा त्यांना गावभर फिरवतो. बहुतेकांना त्याचे काही वाटत नाही. काहींना मात्र शिंका येतात, डोळे चुरचुरतात, आणि एखाद्याची छाती अशी आवळते की श्वास पुरत नाही. माझ्या पोटात एक छोटा पंखा आहे. तो हवा आत ओढतो, मी कण मोजतो आणि दिवा लावतो. कमी असले तर हिरवा, मध्यम असले तर पिवळा, जास्त असले तर लाल.

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या हिनामॅडमनी मला घडवून घेतले. टेम्पोत एरंडोल, धुळे असे धक्के खात मी इथवर आलो. नारळ फुटला, फोटो निघाले, पेढे वाटले गेले.

दुसऱ्याच दिवशी गावातल्या उखर्डूनानांनी माझा लाल दिवा पाहून ट्रॅक्टर थांबवला. दिवस दसऱ्याचे, डोंगरभर गवत फुलोऱ्यावर आलेले. माझा लाल काही हटेना आणि नाना काही हलेनात. मागून बस येऊन खोळंबली. कंडक्टर खाली उतरला तर नाना म्हणाले, "सरकारनी सिग्नल लायेल शे. मोडा तं पावती फाडतीन!" सगळी बस पोट धरून हसली.

मी सिग्नल नाही, हे कळल्यावर मात्र लोकांनी माझा नाद सोडला. मी ना कापसाचा भाव सांगत होतो, ना पावसाचा अंदाज. नव्याचे नऊ दिवस सरले आणि मी भर बाजारात एकटा पडलो.

पाहणारी एकच होती, कोकिळाबाई. रोज सकाळी विळा आणि दोर घेऊन ती माझ्याखालून डोंगरावर जाई, म्हशीसाठी गवत कापायला. गवत फुलोऱ्यावर आले की तिला दम लागे. तिची सासू भिकुबाई चारचौघांत म्हणायची, "गवत देखं का हिले दम लागस. बठ्ठं ढोंग शे!" गावालाही तसेच वाटे. दुखणे दिसत नसले की माणूस कामचुकार ठरतो.

हिनामॅडमनी तिला माझ्या दिव्यांचा अर्थ समजावला. दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला, हिलालला, माझ्यापुढे आणून उभे केले. "देखा, आज लाल शे. मी खोटं बोलत नही." हिलालने माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि तिच्या हातातला विळा घेतला. तेव्हापासून लाल दिवशी तो डोंगरावर जाई, हिरव्या दिवशी ती. भिकुबाईचे तोंड बंद झाले. साऱ्या गावाने मला वाचले नाही तरी माझी तक्रार नव्हती. एका बाईचा शब्द माझ्यामुळे खरा ठरत होता. मला याहून जास्त काही नको होते.

पुढे मॅडमचे संशोधन संपले आणि त्यांचे येणे थांबले. जाताना त्या पंचायतीत सांगून गेल्या होत्या, "याच्या तोंडाची जाळी तेवढी धूत जा." सर्वांनी माना डोलावल्या. त्यानंतर जाळीवर धूळ बसत गेली, आणि एका कुंभारमाशीने माझ्या तोंडातच मातीचे घर बांधले. हवा आत येईना. मोजायला कणच नाहीत, म्हणून मी हिरवा. डोंगर पुन्हा फुलोऱ्याने भरला तरी मी हिरवाच. विझून गेलो असतो तरी बरे झाले असते.

एका सकाळी कोकिळाबाई माझ्याखाली थांबली. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. "आज माले बरं वाटत नही," ती सोबत आलेल्या सासूला म्हणाली.

"हिरवा दिवा शे ना! तूच सांगस ना, हिरवा ऱ्हायना तं दम लागत नही? मंग आते कसाना दम?"

तिने माझ्याकडे पाहिले. तिला स्वतःच्या छातीपेक्षा माझा भरवसा जास्त वाटला, मित्रांनो. ती डोंगरावर गेली.

दुपारी हिलालने तिला पाठीवर घालून खाली आणले. तिचे ओठ निळे पडले होते. शेजाऱ्याच्या गाडीतून तिला शिरपूरच्या दवाखान्यात नेले. जीव वाचला. काही दिवसांनी ती परत आली, माझ्याखाली थांबली आणि हळूच म्हणाली, "तू बी खोटा निंघना." त्यानंतर तिने वर पाहिलेले नाही.

हिलाल आता कापसाच्या जिनिंगवर कामाला जातो. म्हैस तर खायला मागतेच. त्यामुळे रोज कोकिळाबाईच डोंगरावर जाते.

काल वायरमन प्रेमराज दिवाळीची माळ बांधायला माझ्या खांबावर चढला. वायर अडकत होती म्हणून त्याने ते मातीचे घर खरवडून काढले आणि ओल्या फडक्याने जाळी पुसली. कितीतरी दिवसांनी माझ्या पोटात हवा शिरली. थोड्याच वेळात मी लाल झालो.

"आते हाई बी बिघडनं!" असे म्हणून तो उतरला आणि निघून गेला.

आज सकाळी कोकिळाबाई आली. हातात विळा, खांद्यावर दोर, पदर नाकाला लावलेला. मी होता नव्हता तेवढा जोर लावून लाल झालो. ती मान खाली घालून माझ्याखालून गेली.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, हे मला तुम्हाला सांगायचे होते. ते नंतर सांगेन. आधी धावा. ती पहिल्या वळणापर्यंतच पोचली असेल. तिला हाक मारा आणि एवढेच सांगा, की आज तो खरे बोलतो आहे.