ज्वारीच्या दाण्यातला अडेलतट्टू

मित्रांनो, मी एक जुना अडेलतट्टू आहे. ज्वारीच्या दाण्यात राहणारं प्रथिन. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून माझं कौतुक कुणी करत नाही. नका करू.

दाण्यातल्या पेशींत जनुकांचा लांबलचक धागा असतो. त्यातलं एक जनुक सांगतं, साठवलेल्या पिठाची साखर कशी करायची. त्या जनुकाची नक्कल निघाली की साखर होते आणि कोंब फुटतो. नक्कल काढणारा नकलनवीस म्हणजे दुसरं एक प्रथिन. तो येण्याआधीच मी जनुकाच्या तोंडाशी ठाण मांडतो. सरक म्हणाला तरी सरकत नाही.

१९५३ साली मी हसनाबादला कडूबांच्या रानात होतो. बी त्यांच्या बायकोनं, चतुराबाईंनी, आष्टीहून माहेराहून आणलेलं. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला. शेजारच्या रानात कणसातच कोंब फुटले, सगळा दाणा वाया गेला. आमच्यातही पाणी शिरलं, नकलनवीस धावत आला. मी हललो नाही. तेव्हा कोंब फुटला असता तर चैताच्या उन्हात करपला असता.

वाटलं, आता शाबासकी मिळेल. कसची शाबासकी. खळं झाल्यावर कडूबांनी उगवण बघायला मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधले. काही दिवसांनी सोडले, तर एकही कोंब नाही.

“हे बी मेलंय बिलकुल. दळून टाक,” ते म्हणाले.

मला असा राग आला. ज्याला मी जगवलं, त्यालाच हे मेलंय म्हणतात.

“अवो, माह्या आईनं दिलेलं हाय. आष्टीत आता कुणाकडं न्हाई राह्यलं हे,” चतुराबाई म्हणाल्या. “म्या दळणार न्हाई. पेरायच्या टायमाला फिरून बघू.” त्यांनी राख मिसळून बी मडक्यात भरलं.

दाणा कोरड्यात मुरत गेला. पेरणीआधी चतुराबाईंनी पुन्हा फडकं भिजवलं. या वेळी खुद्द अंकुराचा निरोप घेऊन संप्रेरक आलं: आता उगवायचं. मग पेशीनं माझे तुकडे केले. मी कुरकुरलो नाही. पावसाचं ऐकून मोडलो नव्हतो, कडूबांचंही नाही. नकलनवीस कामाला लागला.

फडकं सोडलं, तर दाणा न् दाणा कोंबारलेला. कडूबा बघतच राहिले.

“तुह्या माहेरचं समदं असंच. मर्जी झाल्याबिगर हलत न्हाई.”

चतुराबाई हसल्या आणि मडकं काखेत घेऊन पेरणीला निघाल्या.

मित्रांनो, कुणी तुमच्या हुकमावर उगवलं नाही, तर त्याला मेलेलं म्हणू नका. जरा दम धरा. त्या पिकाच्या दाण्यांत मी पुन्हा घडलो आणि त्याच जागी बसलो आहे. खुशाल भिजवून बघा.